पल्सर आरएस २००: दहा वर्षं उलटली, आता घ्यावी का?

बजाजची पल्सर आरएस २००, म्हणजे अंगभर फेअरिंग (प्लास्टिकचं आवरण) असलेली २०० सीसीची गाडी, मार्च २०१५ मध्ये आली. तेव्हा एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली गाडी दिल्लीच्या शोरूमला साधारण एक लाख अठरा हजारांना होती आणि एबीएसवालीला बारा हजारांच्या आसपास जास्त मोजावे लागत. त्या वेळी प्राथमिक शाळेत असलेली पोरं आज लायसन काढून शोरूमच्या दारात उभी आहेत, आणि गाडी जवळपास तीच आहे. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने तिला थोडं नटवलं, पण इंजिन, चेसिस आणि चेहरा जुनाच ठेवला. मधल्या काळात यामाहाच्या आर वन फाइव्हची तिसरी आणि चौथी आवृत्ती आली, सुझुकीने २५० सीसीची जिक्सर एसएफ आणली, केटीएमने आरसी बदलली आणि हिरोने करिझ्मा नव्याने काढली.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आरएस अजून चालते, पण सगळ्यांना नाही. आणि जुन्या बाजारात फिरणाऱ्या सुरुवातीच्या काही गाड्यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. तुम्हाला ती चालेल का, हे मोबाइलवर आकडे बघून कळत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाने दिलेला सल्ला परभणीच्या उन्हात आणि गेवराईच्या रस्त्यावर जसाच्या तसा लागूही पडत नाही. म्हणून खाली दिलेल्या क्रमानेच जा.

आधी आपला आठवडा कागदावर मांडा

शोरूमला जायच्या आधी घरी बसून चार गोष्टी लिहा. रोज किती किलोमीटर, कोणत्या रस्त्याने, मागे कोण बसणार, आणि बंद पडली तर जवळचं गॅरेज किती लांब.

लातूरच्या ट्युशन एरियात राहणाऱ्या पोराची गाडी दिवसाला दहा किलोमीटरही चालत नाही, आणि त्यातला निम्मा वेळ गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर जातो. पैठणहून किंवा गंगापूरहून वाळूजला शिफ्टला येणारा रोज त्याच्या कितीतरी पट किलोमीटर करतो, त्यातला परतीचा रस्ता अंधारात. पुण्यात नोकरी आणि घर नांदेडला, असा माणूस महिन्यातून एकदा चारशेच्या वर किलोमीटर एका दमात ओढतो. तिघांना एकच गाडी पुरेल असं म्हणणारा दुकानदार असतो, मित्र नसतो.

मळ्यातून डेअरीला दूध न्यायचं असेल, कधी खताचं पोतं टाकायचं असेल, तर हा लेख इथेच बंद करा आणि साधी ११०-१२५ सीसीची गाडी बघा. फेअरिंगच्या गाडीला कॅन लटकवायला जागा नसते आणि लटकवलाच तर आधी प्लास्टिक जातं.

आणखी एक. समृद्धी महामार्गावर गाडी पळवायचं स्वप्न असेल तर ते आत्ताच सोडून द्या. तिथे दुचाकीला मनाई आहे, गाडी कितीही सीसीची असो. तुमच्या नशिबात धुळे-सोलापूर, संभाजीनगर-जालना, नांदेड-लातूर हेच रस्ते आहेत, आणि या गाड्यांना तेच पुरेसे आहेत.

जुनी म्हणजे तिच्यातलं नेमकं काय जुनं?

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण सेल्समन हा भाग दोन वाक्यांत उरकतो.

आरएसचं इंजिन १९९.५ सीसीचं, लिक्विड कूल्ड, चार व्हॉल्व्हचं, तीन स्पार्क प्लगचं. ताकद २४.५ पीएस (अश्वशक्ती), टॉर्क म्हणजे खेच १८.७ न्यूटन मीटर, गिअर सहा. हेच इंजिन बजाजच्याच २०१२ च्या एनएस २०० मधून आलं; आरएसला त्यावर फ्युएल इंजेक्शन मिळालं. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९ मिलिमीटर. केटीएमच्या आरसी २०० चंही माप नेमकं हेच आहे. बजाज आणि केटीएमची भागीदारी जुनी, त्यामुळे नातं उघड आहे. फरक इंजिनच्या डोक्यात, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये: केटीएमला वरती व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, आरएसला एकच कॅम आणि तीन प्लग. आरसीची ताकद २५ पीएस. म्हणजे अर्ध्या पीएसचा फरक. 'जुनं इंजिन' असं नाक मुरडणाऱ्याला हे विचारून बघा.

आता वजन धरून हिशेब करू, कारण नुसत्या पीएसला अर्थ नाही. आरएस १६६ किलोची, आर वन फाइव्ह १४१ च्या आसपास, करिझ्मा एक्सएमआर १६३.५. आर वन फाइव्हचं इंजिन १५५ सीसीचं, १८.४ पीएसचं. करिझ्माचं २१० सीसीचं, २५.५ पीएसचं. चालवणारा ७० किलोचा धरला तर दर टनामागे आरएसला १०४ पीएस मिळतात, आर वन फाइव्हला ८७, करिझ्माला १०९. मागे तेवढ्याच वजनाचा माणूस बसवला की आकडे होतात ८०, ६५ आणि ८४. हलकी गाडी एकट्याला बरी वाटते, पण दोघं बसले की तिचा हलकेपणाचा फायदा कमी होत जातो. हे गणित व्हिडिओत कुणी मांडत नाही, कारण तिथे गाडीवर कायम एकटा माणूस असतो. आपल्याकडे कधी असतो?

मग वय दिसतं कुठे? तीन जागी.

पहिली जागा टॉर्कची वेळ. आरएसला पूर्ण जोर ८,००० आरपीएमला मिळतो, करिझ्माला ७,२५० ला आणि तोही २०.४ न्यूटन मीटरचा. सुझुकीच्या २५० ला तर २२.२. चढावर किंवा ट्रक ओलांडताना नव्या गाड्या गिअर न पाडता खेचतात, आरएसला एक गिअर खाली आणावा लागतो. सवय झाली की जाणवत नाही, पण नवख्याला पहिले काही दिवस गाडी मंद वाटते आणि मग अचानक सुटल्यासारखी वाटते.

दुसरी जागा हाताळणी. गर्दीत यू-टर्न घेताना, पार्किंगमध्ये मागे ढकलताना, आर वन फाइव्हपेक्षा जास्तीचे ते पंचवीस किलो कळतात.

तिसरी जागा सुविधांची. आर वन फाइव्हला उलटे फोर्क आहेत, स्लिपर क्लच आधीपासून आहे, काही मॉडेल्सना ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी सोय) आणि क्विकशिफ्टरही (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय). आरएसला २०२५ च्या बदलांत स्लिपर क्लच, रंगीत डिजिटल मीटर, एबीएसचे तीन मोड आणि रुंद टायर मिळाले. पुढचं ११०/७०, मागचं १४०/७०. ताकद मात्र होती तेवढीच ठेवली. माझ्या मते हे बरंच झालं. या गाडीत ताकद कधीच कमी नव्हती. कमी होती ती पकड, आणि घाईने गिअर पाडल्यावर मागचं चाक हिसका द्यायचं, तो त्रास स्लिपर क्लचने घालवला.

बसून बघा, मग मागे कुणाला तरी बसवा

सीटची उंची आरएसची ८१०, आर वन फाइव्हची ८१५ मिलिमीटर. कागदावर फरक शून्य. पण आर वन फाइव्हवर माणूस पुढे वाकतो, मनगटावर भार येतो. आरएसचं हँडल वरच्या बाजूला बसवलेलं आहे, त्यामुळे पाठ बरीच सरळ राहते. करिझ्माही त्याच जातीची. आरसीवर तर पन्नास किलोमीटरनंतर मान बोलायला लागते. शोरूमच्या स्टँडवर दोन मिनिटं बसून हे कळत नाही. दहा मिनिटं बसा, सेल्समनला वाईट वाटू द्या.

मग घरचं कुणीतरी मागे बसवा. आई, वडील, बहीण, जे खरोखर बसणार आहेत ते. मित्र नको, मित्र कशावरही बसतो. या सगळ्याच गाड्यांची मागची सीट उंच आणि चिंचोळी आहे, साडी नेसलेल्या बाईला एका बाजूला बसायला कुठलीच धड नाही. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर घेतल्यावर पंधरा दिवसांत घरात बोलणी सुरू होतात.

जमिनीपासूनची उंचीही विचारा. आरएस १५७ मिलिमीटर, करिझ्मा १६०, आर वन फाइव्ह १७०. आपल्या गावोगावचे स्पीडब्रेकर ग्रामपंचायतीने मनाने घातलेले असतात, त्यांना ना माप ना पांढरा पट्टा. दोघं बसून आरएस नेली तर अशा एखाद्या उंचवट्यावर पोट घासतं. तिरकी काढली की निघते.

चालवून बघा, आपल्याच रस्त्यावर

शोरूमवाला समोरच्या रस्त्यावर एक चक्कर मारू देतो आणि चावी परत मागतो. तेवढ्यावर समाधान मानू नका. कुणा ओळखीच्याकडे ती गाडी असेल तर अर्धा तास मागून घ्या, पेट्रोल टाकून द्या.

संभाजीनगरला असाल तर दौलताबादहून खुलताबादचा घाट चढा. बीडकडे मांजरसुंब्याचा घाट आहे, कन्नडला औट्रम घाट. चढावर तिसऱ्या गिअरला चाळीसच्या वेगाने एक्सलेटर हळूहळू उघडा. गाडी कुरकुरते की खेचते, एवढंच बघायचं. मग सरळ रस्त्याला सहाव्या गिअरवर ऐंशी-नव्वदने पाचएक मिनिटं चालवा आणि हँडलला, फूटरेस्टला मुंग्या येतात का ते जाणवून घ्या. आरएस इथे शांत असते, तिची पेरिमीटर चेसिस (इंजिनला दोन्ही बाजूंनी वेढणारा सांगाडा) सरळ रस्त्यावर आणि लांब वळणावर घट्ट बसते. काळ्या मातीवरचे आपले रस्ते उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसाळ्यात लाटा धरतात. अशा लाटेवर हलकी गाडी उडी घेते, जड गाडी बसून जाते. आरएसचं वजन जिथे उपयोगी पडतं ती ही एक जागा.

रात्रीची एक फेरी चुकवू नका. ऊस गाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर विनादिव्याचे चालतात, मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब. तुमचा दिवा किती लांब पडतो यावर तिथे सगळं ठरतं. आरएसला दोन प्रोजेक्टर दिवे आहेत आणि त्यांचा झोत चांगला जातो. नव्या एलईडी दिव्यांचा पांढरा उजेड जवळ लख्ख दिसतो, पण लांबचं किती दिसतं ते स्वतः बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

मग कुणी काय घ्यावं

शहरातल्या शहरात, एकट्याने, गर्दीत फिरणाऱ्याने आर वन फाइव्ह घ्यावी. पेट्रोल कमी पितं, हलकी आहे, विकायला गेलं तर लगेच जाते. साधारण ४५ चं अॅव्हरेज धरा, आरएसचं ३५. दहा हजार किलोमीटरला ६० लिटरच्या वर फरक पडतो, आणि परभणी-नांदेडकडे पेट्रोल राज्यातल्या महागांपैकी असतं. लिटरला १०५ रुपये धरले तरी साडेसहा हजारांच्या वर जातात.

लांब पल्ला, हमरस्ता, अधूनमधून डबल सीट आणि नवीनच घ्यायची असेल तर आधी करिझ्मा एक्सएमआर चालवा. कागदावर ती आरएसची खरी स्पर्धक आहे आणि बऱ्याच बाबतीत वरचढ. २०२३ ची रचना असल्याचं जाणवतं. सुझुकीची २५० सगळ्यांत शांत चालते, पण ती घ्यायच्या आधी तुमच्या तालुक्याला तिचं सर्व्हिस सेंटर आहे का ते बघा.

आणि इथेच आरएस परत शर्यतीत येते. बजाजचं सर्व्हिस सेंटर मराठवाड्यात जवळपास प्रत्येक मोठ्या तालुक्याच्या गावी आहे. ते नसलं तरी पल्सर उघडलेला मिस्त्री कुठेही सापडतो. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे, निम्म्या संभाजीनगरच्या घरात कुणीतरी तिथे कामाला होतं किंवा आहे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, चेन-सॉकेट, केबल, असं सगळं त्याच दिवशी मिळतं. अहमदपूर, वसमत, भूम अशा ठिकाणी राहणाऱ्याला याचं मोल पाच पीएसपेक्षा जास्त आहे.

तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणारा, हमरस्त्याने जाणारा, आकडेवारीचं वेड नसलेला माणूस असेल तर आरएस खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी नुसत्या दिव्याच्या रुबाबावर भाळू नये.

नवीन घेणार असाल तर

शोरूमची किंमत विचारू नका, ऑन रोड कोटेशन कागदावर मागा आणि प्रत्येक ओळ वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो कमी झालेला दिसायला हवा. १५० ते ३५० सीसीचा थर्ड पार्टी विमा एकाच पट्ट्यात येतो, २०२२ च्या दराने वर्षाला १,३६६ रुपये. म्हणजे १५५ ची घ्या की २५० ची, तिथे वाचत काही नाही. नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो.

फेअरिंगच्या गाडीला झिरो डेप (झिजेपोटी रक्कम न कापणारा विमा) मात्र घ्याच. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते, आणि या गाडीच्या अंगावर प्लास्टिकच प्लास्टिक आहे. 'हॅंडलिंग चार्जेस' आणि जबरदस्तीचं 'अॅक्सेसरी किट' ही ओळ दिसली तर खोडायला सांगा.

जुनी घेणार असाल तर

आपल्याकडे बहुतेक आरएस अशाच विकत घेतल्या जातात, आणि फसगतही इथेच होते. म्हणून सावकाश वाचा.

सगळ्यांत आधी साल. २०१५ पासूनच्या सुरुवातीच्या गाड्यांत एबीएस नसलेली आवृत्तीही विकली गेली. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. एबीएस नसलेली आरएस कितीही स्वस्त मिळाली तरी नवख्याने घेऊ नये. १४० च्या जवळ पळणारी गाडी, पावसात चिखल आलेला रस्ता आणि हात बसलेला नसलेला चालक, हे तिन्ही एकत्र नकोत. बऱ्याच जुन्या एबीएसवाल्या गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला आहे. ती चालेल. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (प्रदूषणाचा नवा नियम पाळणारी) गाडी मिळाली तर उत्तम.

दुसरा मुद्दा पेट्रोलचा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपल्याच उसाचं इथेनॉल, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची? त्या पेट्रोलला चालणारे रबर आणि सील घालून गाड्या निघाल्या त्या एप्रिल २०२३ पासून. त्याच्या आधीची गाडी असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा पाइप चिमटून बघा. कडक, भेगाळलेला असेल तर बदलायला सांगा. इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी धावलेल्या गाडीपेक्षा वाईट. 'फक्त आठ हजार चाललीय, घरीच असते' हे ऐकून हुरळून जाऊ नका.

गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनला हात लावणं. कोमट लागलं तर त्याने आधीच चालू करून तापवलंय, काहीतरी लपवायचं आहे. थंड असेल तर सेल्फ मारा. एक-दोन सेकंदांत पकडायला हवी. पहिल्या मिनिटात वरच्या बाजूने खडखड येत असेल आणि तापल्यावर कमी होत असेल, तर टायमिंग चेनचा खर्च धरून भाव करा.

मग पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवरून बोट फिरवा. बोटाला तेल आणि काळी माती मिळून झालेली ओली मळी लागली, तर सील गेलंय. नळीवर बारीक चरा असेल तर नवं सीलही टिकणार नाही. कुणाला तरी गाडी मागे झुकवायला सांगून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध आल्यावर खटकन् अडकत असेल तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) संपला.

फेअरिंग हा तर उघडा पंचनामा आहे. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, स्क्रू एकाच जातीचे आहेत का, आत कुठे प्लास्टिकच्या टायने बांधाबांध केलीय का, हे बघा. नवा स्टिकर एकाच बाजूला असेल तर गाडी त्याच बाजूला पडली. हँडलची टोकं आणि फूटरेस्टची टोकं घासलेली असतील, तर उभ्या उभ्या नाही, चालत्या गाडीवर पडली. पडणं हा गुन्हा नाही, दहा वर्षांत गाडी पडतेच. पण चाकाचा रिम फिरवून बघा, डोलत असेल तर हात जोडा आणि निघा.

चावी फिरवल्यावर मीटरवर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. विझतच नसेल तर सेन्सर किंवा वायरिंग गेलंय. लागतच नसेल तर जास्त संशय घ्या, कुणीतरी तो दिवाच काढून टाकलाय.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१९ असेल तर ते २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातलं टायर. वर नक्षी दिसत असली तरी सहा-सात वर्षांचं टायर दगड झालेलं असतं. दोन्ही टायरांचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

आता कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आणि हे मराठवाड्यापुरतं खास. रेडिएटरची जास्तीची बाटली बघा. कुलंट रंगीत आणि स्वच्छ असतं. गढूळ, पांढुरकं किंवा नुसतं पाण्यासारखं असेल तर कुणीतरी बोअरचं पाणी ओतलंय. आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याचा थर घरच्या हीटरच्या कॉइलवर जसा चढतो, तसाच तो रेडिएटरच्या आतल्या बारीक नळ्यांत चढतो, आणि मेच्या दुपारी गाडी तापायला लागते. मग इंजिन ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथे साय धरल्यासारखं पांढरट दिसलं तर पाणी आणि ऑइल आत मिसळतंय. भाव कितीही पाडला तरी ती गाडी घेऊ नका.

शेवटी गाडी उभी करून दहा मिनिटं चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा आणि थोड्या वेळाने बंदही. पंखा लागल्यावर पायावर गरम झळ येते, ती सगळ्याच लिक्विड कूल्ड गाड्यांत येते. त्याला घाबरू नका. पंखा लागलाच नाही तर घाबरा.

कागद

इसार द्यायच्या आधी आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) चेसिस नंबर गाडीच्या मानेवर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवा. फोटोवर भागवू नका. परिवहनच्या अॅपवर गाडी नंबर टाकून विमा, फिटनेसची तारीख आणि बाकी चलन बघा. पुण्याहून आलेल्या एमएच १२ आणि एमएच १४ च्या गाड्यांवर चलनांची माळ असते, आणि नावावर करताना ती तुमच्या गळ्यात येते.

आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि कंपनीची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. 'हप्ते फिटलेत, एनओसी नंतर देतो' यातलं 'नंतर' कधीच येत नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतं. नुसत्या टीटीच्या (नाव बदलायच्या फॉर्मवरच्या) सह्यांवर गाडी वर्षभर फिरवणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. अपघात झाला की पोलीस, विमा कंपनी आणि जुना मालक तिघंही त्यांच्याकडे पाठ फिरवतात. विमाही आपल्या नावावर करून घ्या, नुसती आरसी पुरत नाही. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलीय का तेही विचारा, नसेल तर तो खर्च कुणाचा ते तिथेच ठरवा.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

मालक काहीही म्हणो, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कुलंट आणि ब्रेक ऑइल बदलून टाका. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं असतं हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. कुलंट बाटलीतलं तयार मिश्रणच घ्या, पाणी घालून वाढवू नका. जुनं निघताना तांबूस गाळ आला तर मिस्त्रीला रेडिएटर डिस्टिल्ड पाण्याने दोनदा फ्लश करायला लावा.

स्पार्क प्लग बदलायला सांगाल तेव्हा शेजारी उभे राहा. तीन प्लग आहेत, आणि त्यातल्या एकापर्यंत हात सहज पोहोचत नाही, म्हणून बरेच मिस्त्री दोनच बदलून तिन्हींचे पैसे लावतात. काढलेले तीन जुने प्लग हातात मागा.

रेडिएटरच्या जाळीत काळी माती बसली असेल तर वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊ देऊ नका, पातळ पात्या वाकतात आणि हवा जात नाही. साधा नळाचा पाइप, मऊ ब्रश, गाडी थंड असताना. चेन दर पाचशे-सातशे किलोमीटरला पुसून तेल द्या, धुळीच्या दिवसांत त्याआधीच. आणि मागे बसणाऱ्याचं हेल्मेट त्याच आठवड्यात आणा, नंतर आणायचं राहून जातं.